अवरेचे दिवस आणि एक चकचकीत डबा

मूर्खपणा माझ्या हातून पुष्कळ झाला, पण त्यातला एक चक्क काट्यावर तोलला गेला. माझा मुलगा अभिजित नऊ महिन्यांचा असताना सांगलीत सुदृढ बालक स्पर्धा भरली होती. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. वजनाला जास्त गुण असतात, असं शेजारच्या काकूंनी सांगितलं, तशी मी सकाळपासून तयारीला लागले. आधी तूप घालून मऊ भात. मग कुस्करलेलं केळं. मग बाटलीभर दूध. एवढ्याने भागेल की नाही अशी शंका आली, म्हणून आजेसासूबाईंच्या वेळची चांदीची साखळी झबल्याच्या आतून कमरेला बांधली आणि पायांत दोन-दोन वाळे चढवले. पोराला कडेवर घेतलं तर सराफाचं दुकान उचलल्यासारखं वाटत होतं.

डॉक्टरांनी सगळं काढायला लावलं. साखळी टेबलावर खळकन पडली आणि हॉलभर बायकांच्या माना वळल्या. मग अभिजितला काट्याच्या तबकात निजवलं, तेव्हा त्याने दूध, केळं आणि भात हे सगळं डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटावर परत केलं. बक्षीस मिळालं नाही. डॉक्टरांनी कोट बदलायला वेळ घेतला, म्हणून पुढच्या आयाही माझ्यावर चिडल्या.

जड मूल ते बरं मूल, हे माझ्या डोक्यातलं गणित त्या दिवशी तरी पुसलं जायला हवं होतं. पुसलं गेलं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. या जानेवारीत त्याच अभिजितकडे बंगळूरला गेले आणि गाडीतून उतरल्या उतरल्या माती खाल्ली. ती हकीकत पुढे आहेच.

मिरजेहून संध्याकाळच्या गाडीत बसले. सामानात माझे कपडे कमी आणि खाऊ जास्त: भडंग, मेतकूट आणि खालच्या थरात डिंकाचे लाडू. समोरच्या बाकावर हुबळीला जाणाऱ्या एक बाई होत्या. गाडी हलली तशा त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ऊटा आयता?" मला वाटलं माझी पिशवी त्यांच्या पायात येतेय, म्हणून मी ती ओढून घेतली. त्यांनी मग हाताचा घास तोंडाकडे नेऊन दाखवला. जेवण झालं का, असं विचारत होत्या. मी मान हलवली, तर त्यांनी डबा उघडून ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी माझ्या हातावर ठेवली. मान मी 'हो' म्हणून हलवली होती की 'नाही' म्हणून, ते माझं मलाही आता आठवत नाही. भाकरी झकास होती.

सकाळी यशवंतपूरला उतरले तेव्हा थंडी होती. शालीत हात घालून मी फलाटावर उभी, आणि समोरून अभिजित आला, त्याच्या मागे इरा. इरा म्हणजे माझी एकुलती एक नात, दहा वर्षांची. दीड वर्षाने भेटत होते. उंची वाढली होती, दोन वेण्यांच्या जागी एक शेपटी आली होती. माझा ऊर नुसता भरून आला आणि तोंडातून काय निघावं?

"अगं बाई! काय छान बाळसं धरलंयस गं! गाल बघ कसे झालेत!"

आणि ते गाल मी दोन्ही हातांनी ओढलेसुद्धा.

इराने हळूच मान सोडवून घेतली. "हाय आजी," म्हणाली आणि बापाच्या मागे जाऊन उभी राहिली. मला वाटलं, लाजली.

घरी जायच्या आधी अभिजितने एका दर्शिनीपाशी (उभ्या-उभ्या खायचं स्वस्त आणि झटपट उपाहारगृह) गाडी थांबवली. छातीएवढ्या उंच टेबलांभोवती लोक उभे होते, इडल्यांची वाफ चष्म्यावर येत होती आणि चटणी म्हणाल तेवढी. माझ्या मुलाच्या हातावर एक घड्याळ असतं, ते त्याला उठ म्हणतं, चाल म्हणतं, श्वास घे म्हणतं. लग्न झालेल्या माणसाला बायकोच्या, म्हणजे आमच्या शाल्मलीच्या, सूचना पुरे नसतात का, हे मला कळत नाही. त्याची साखर अगदी काठावर आली आहे, असं डॉक्टरांनी वर्षापूर्वी सांगितल्यापासून ते घड्याळ आलं.

"आई, मी दोनच इडल्या खाल्ल्या," तो म्हणाला. "चटणी तीनदा घेतली ते शाल्मलीला सांगू नकोस."

"आणि आत्ता वडा खाल्लास तो?"

"तो तुझा होता."

इराच्या पुढची इडली तशीच होती. तिने चमच्याने तिचे चार समान तुकडे केले, मग आठ केले.

"खा की गं."

"भूक नाही, आजी."

पुढचे पाच दिवस हे दोन शब्द मी इतक्यांदा ऐकले, की मला ते भिंतीवर दिसायला लागले.

मारतहळ्ळीला पोचायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी मिरजेहून कोल्हापूरला जाऊन परत आले असते. अकराव्या मजल्यावरचं घर. खाली पोहण्याचा तलाव, त्यात कुणी नाही. त्याच्या कडेने चालायची वाट, तिच्यावर सगळे, कानात बोंडं घालून. फाटकापाशी लाल-केशरी सदऱ्यांतली मुलं दिवसभर दुचाकीवरून जेवणाच्या पिशव्या घेऊन येत होती. प्रत्येक घरात तीन माणसं आणि तिघांची तीन जेवणं, असं मला लिफ्टमध्येच कळलं.

आमच्या घरात मात्र शाल्मलीचं राज्य. माझी सून नागपूरची, नोकरी सॉफ्टवेअरमध्ये, बोलायला गोड आणि स्वयंपाकघरात कडक. ओट्यावर छोटा वजनकाटा. भात त्यावर, पनीर त्यावर, शेंगदाणेसुद्धा त्यावर. लाडवांचा डबा मी उघडला तशी ती म्हणाली, "आई, एका लाडूत किती कॅलरीज असतात माहितीये का?"

"नाही बाई. एका लाडूत एक लाडू असतो एवढंच माहितीये."

ती हसली. हसत हसतच तिने डबा सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला, जिथे फक्त अभिजितचा हात पोचतो. रोज एकेक लाडू कमी होत होता आणि घड्याळाला त्याचा पत्ता नव्हता.

रात्रीचं जेवण सातला. इराच्या ताटात एक पोळी, भरपूर काकडी-गाजर, डाळ. इरा "मी शाळेत पोटभर खाल्लं" म्हणून अर्ध्यावर उठायची, आणि शाल्मली आधी खूश दिसायची आणि मग क्षणभर काळजीत. तो क्षण मी पाहिला होता. पण मी पाहुणी. आणि सासू. या दोन्ही पदांवरच्या माणसाने गप्प बसावं हे मला आता कळतं. चोवीस वर्षांची मी असते तर पोरीला लाडू कोंबून मोकळी झाले असते.

डबे घासायचं काम मी मागून घेतलं होतं. चाळीस वर्षं मी नवऱ्याचे, मुलाचे डबे घासले. खाल्लेल्या डब्याला चेहरा असतो. त्यात कडेला सारलेली मिरची असते, कढीपत्त्याचं पान असतं, बोटाने निपटल्याच्या रेघा असतात, झाकणाला आतून वाफेने हळद लागलेली असते. नावडती भाजी असेल तर तीही सांगते. इराचा डबा मात्र चकचकीत यायचा. चमचा कोरडा. गुरुवारी उपमा दिला होता, त्यात मोहरी होती, कढीपत्ता होता, मिरची होती. त्यातलं एकही कडेला नाही. मिरचीसकट उपमा खाणारं दहा वर्षांचं मूल मी अजून पाहिलेलं नाही. डबा कुणीतरी उलटा करून झटकला होता.

माझे हात साबणाच्या पाण्यात तसेच राहिले. पोर दुपारी उपाशी राहत होती. संध्याकाळीही चिमणीएवढं खात होती. आणि सकाळी तर दूध घेऊन पळायची. मग ती खात होती कधी?

हॉलमध्ये जाऊन मोठ्याने विचारावं असं फार वाटलं. त्याऐवजी मी गॅलरीत जाऊन सुलक्काला फोन लावला. सुलभा माझी मावसबहीण. लग्न होऊन पन्नासेक वर्षांपूर्वी ती बंगळूरला आली, नवरा सरकारी कारखान्यात इंजिनियर, आणि ती स्वतः मुलांच्या पोषणाच्या सरकारी कामात खेडोपाडी फिरून निवृत्त झालेली. बसवनगुडीतली सगळी गल्ली तिला सुलक्का म्हणते, म्हणून आम्हीही म्हणतो.

सगळं ऐकून ती म्हणाली, "परवा शनिवार. आई आणि मुलगी दोघींना घेऊन ये. अवरे आलीत बाजारात, सोलायला हात पाहिजेत म्हणून सांग."

"आणि तोवर?"

"तोवर सकाळी तिच्याबरोबर तू बस आणि खा. खा म्हणू नकोस, नुसती खा. आणि कुशे, बाकी तोंड बंद. सरी (कळलं ना)?"

माझं नाव कुसुम. कुशी म्हणणारं माणूस जगात आता एवढंच उरलंय.

शुक्रवारी सकाळी मी इराच्या शेजारी बसून थालीपीठ खाल्लं आणि खिडकीबाहेरच्या घारीबद्दल बोलत राहिले. तिने माझ्या ताटातला एक तुकडा मोडला. मी घारीकडेच बघत राहिले. असा अभिनय मी लग्नात सासरच्या लोकांपुढेही केला नव्हता.

शनिवारी आम्ही तिघी बसवनगुडीला गेलो. अभिजितला काम होतं, आणि लाडूही होते. मारतहळ्ळीच्या काचेच्या इमारती मागे पडल्या आणि दोन तासांनी अचानक झाडं सुरू झाली. रस्त्यावर कमानी धरल्यासारखी जुनी झाडं, फुलांच्या माळा हाताने मोजून देणाऱ्या बायका, आणि जिकडे तिकडे हिरव्या शेंगांचे ढीग. अवरेकाई म्हणजे आपल्या पावट्याची थोरली बहीण. थंडीत तिचा मोसम. शेंगांना एक तेलकट, उग्र, गोड वास येतो, त्याला इथे सोगडु म्हणतात, आणि म्हातारी माणसं शेंग नाकाशी नेऊन तो जोखतात. माझं माहेर रोह्याचं. वालाच्या डाळिंब्या सोलत मी लहानाची मोठी झाले. तो वास आला आणि मला एकदम आईच्या हातांची आठवण झाली.

सुलक्काचं घर बैठं, लाल कोब्याच्या गार जमिनीचं. दारातच उभी होती, कमरेला पदर खोचून.

"या, या. ऊटा आयता?"

"अकरा वाजलेत सुलक्का, ऊटा कसला," मी म्हणाले.

"मग तिंडी (नाश्ता) तरी आयता का? अगं इथली रीतच आहे. माणूस भेटलं की आधी खाल्लंस का विचारायचं. आपल्याकडे काय विचारतात? वाळलीस की सुजलीस!" आणि इराच्या पाठीवर हात टाकून म्हणाली, "तू ये गं, मला एक उंच माणूस पाहिजेच होतं. त्या फळीवरची परात काढून दे."

इराने परात काढून दिली. मी मात्र 'वाळलीस की सुजलीस' या शब्दांशी अडकून उभी होते. यशवंतपूरचा फलाट डोळ्यांपुढे आला. ओढलेले गाल आले. पोर लाजली नव्हती.

जेवायला सुलक्काने रागी मुद्दे केलं होतं. रागी म्हणजे आपली नाचणी. तिच्या पिठाचा शिजवून वळलेला चेंडूएवढा गरम गोळा, आणि वर पातळ, झणझणीत सारू (आमटी). नाचणी मी जन्मभर खाल्ली आहे, तेव्हा मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी मोठा घास मोडला आणि नीट चावायला लागले.

"आजी, चावायचं नसतं!" इरा ओरडली. "गिळायचं असतं! आमच्या क्लासमधली सगळी सांगतात!"

उशीर झाला होता. मुद्दे माझ्या वरच्या कवळीला असं चिकटलं, की मी तोंड उघडायला गेले तर कवळी त्याच्याबरोबर निघाली. बोटांनी धरून सोडवायला गेले, तर बोटंही चिकटली. सुलक्काने डोळ्यांना पदर लावला. शाल्मली "आई, पाणी, पाणी" करत उठली. आणि इरा हसली. आधी नाकातून, मग खुर्चीवरून घसरेपर्यंत. पाच दिवसांत मी तिचे दात पहिल्यांदा पाहिले.

"अशं कशं गिलायचं?" मी बोळक्या तोंडाने विचारलं.

"थांब, दाखवते. छोटा तुकडा घ्यायचा. सारूत बुडवायचा. असा. आणि गट्ट."

तिने गिळला. "बघितलंस?"

"नाही दिशलं."

तिने पुन्हा दाखवलं. मला कवळी बसवायला मुद्दाम वेळ लागत होता, आणि तिला शिकवायला. अर्धा गोळा संपला. शाल्मलीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, 'किती छान खातेस' असंच काही असणार, पण सुलक्काने तिला सारूचं भांडं पुढे केलं आणि टेबलाखालून माझ्या पायावर पाय दाबून धरला. आम्ही तिघी मोठ्या बायका तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारख्या गप्प बसलो आणि आपापलं जेवलो.

दुपारी परात मध्ये घेऊन जमिनीवर बसलो. भिजवलेल्या अवरेचा दाणा दोन बोटांत धरून दाबला, की सालातून हिरवा गर टुणकन उडतो. त्याची हितकिद बेळे (दाबून सोललेली अवरे) करायची होती. माझ्या बोटांना काही सांगावं लागलं नाही. इराचे दाणे आधी छतापर्यंत गेले, मग परातीत पडायला लागले. शाल्मली चहा करायला आत गेली होती.

सुलक्का सोलता सोलता जुनं सांगत होती. खेड्यात झाडाच्या फांदीला काटा टांगायचा, त्याला झोळी, झोळीत मूल. आया घाबरायच्या. "काटा बघून मी कधी मोठ्याने आकडा म्हटला नाही बघ. आईच्या कानाशी जायचं, हळू सांगायचं. गावासमोर आकडा म्हटला की दुसऱ्या खेपेला ती आई पोराला घेऊन येतच नसे. तेव्हा सगळी पोरं हडकुळी. आता शहरात बघितलं तर जाड दिसणाऱ्या पोराच्याही रक्तात लोह कमी निघतं. काट्याला सगळं कळतं थोडंच!"

इराची बोटं थांबली.

"आमच्याकडे मोठ्यानेच सांगतात," ती म्हणाली.

"कुठे गं?"

"शाळेत. हेल्थ चेकअप होता दिवाळीनंतर. सगळ्या क्लासची लाइन केली. एक मिस काट्यावर बघायची आणि ओरडून सांगायची, दुसरी लिहायची. माझा आकडा सगळ्यांत मोठा होता. मुलींमध्ये पण आणि मुलांमध्ये पण." तिने एक दाणा दाबला. "आता मला त्या आकड्यानेच हाक मारतात."

सुलक्का सोलत राहिली. मीही. परातीत दाणे पडत होते.

"म्हणून मी डबा खात नाही. ओल्या कचऱ्याच्या हिरव्या बादलीत टाकते. मला वाईट वाटतं पण. आईने सकाळी उठून केलेलं असतं ना. मी टाकताना पोळीला सॉरी म्हणते."

"भूक लागत नाही?" सुलक्काने अगदी सहज विचारलं.

"आधी लागायची. आता डोकं दुखतं फक्त. परवा जिन्यात डोळ्यांपुढे काळं झालं." मग ती माझ्याकडे वळली. रागाने नाही, नुसतं सांगावं तसं म्हणाली, "आणि स्टेशनवर तू पण म्हणालीस."

माझ्या बोटांतला दाणा चिरडला गेला.

"म्हणाले," मी म्हणाले. "मूर्खासारखं बोलले. तुला बघून आनंद झाला होता, आणि आनंद झाला की मला दुसरं काही बोलता येत नाही. कुणी शिकवलंच नाही. चुकलं माझं, इरा. पुन्हा नाही बोलणार."

"बोलशील. सगळ्या आज्या बोलतात."

"बोलले तर माझी कवळी लपवून ठेव."

ती विचारात पडली. "खालची पण?"

"दोन्ही."

तेव्हा मला दारात शाल्मली दिसली. हातात चहाचा ट्रे, चारही कप हिंदकळलेले. किती वेळची उभी होती कोण जाणे. तिने ट्रे खाली ठेवला, इराला अगदी चिकटून मांडी घातली आणि परातीतला एक दाणा उचलला. तिला सोलता येईना. इराने तिचं बोट धरून दाखवलं, "इथे दाब, आई. स्वल्प दाबायचं." दाणा उडून शाल्मलीच्या चष्म्यावर बसला. दोघीही हसल्या नाहीत. शाल्मलीने लेकीचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं आणि तशीच एका हाताने सोलत बसली. परात संपेस्तोवर कुणी उठलं नाही. चहावर साय आली.

निघताना सुलक्काने शाल्मलीला फाटकापाशी थांबवलं. "आधी मुलांच्या डॉक्टरांकडे जा. चक्कर येतेय, ते थांबवून ठेवायचं नाही. आणि वाढत्या पोरीला डाएट नको गं. उंची यायचीये, पाळी यायचीये, हाडं भरायचीत. सगळ्यांनी एकाच वेळी, एकच जेवण जेवा. तिला उड्या मारू दे, झोपू दे. आणि तो काटा ओट्यावरून उचल. साकु (पुरे) झाला."

परतीच्या वाटेवर गाडी सिल्क बोर्डाच्या चौकात अडकली. पुढे लाल दिवे, मागे लाल दिवे. इरा माझ्या मांडीवर झोपली होती. शाल्मली खिडकीबाहेर बघतच म्हणाली:

"आई, मी काय दुश्मन आहे का हो तिची?"

"नाही गं."

"माझे बाबा शुगरने गेले. शेवटी पाय कापावा लागला होता. मी बारावीत होते. ते गोड खायचे लपून, आणि मीच आणून द्यायची त्यांना, कोपऱ्यावरच्या दुकानातून. आई रागवायची, मी म्हणायची, खाऊ दे ना." तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला. "इरा दुसरी पोळी मागते ना, तेव्हा मला बाबाच दिसतात. मी तिला वाचवून राहिली होती, आई. आणि ती पोळीला सॉरी म्हणून राहिली होती."

नागपूर सोडून तिला वीस वर्षं झाली, पण रडू आलं की ती तिथलीच होते. इतकी वर्षं मी हिला कडक म्हणत होते, आणि ही घाबरलेली होती. मी पिशवीतून भडंगाची पुडी काढली. तिनेही सकाळपासून नीट काही खाल्लं नव्हतं. तिने मूठभर घेतलं, रडत रडत खाल्लं, आणि तिखट लागलं म्हणून आणखी रडली. पुढे बसलेल्या चालकदादांनी आरशातून पाहिलं, म्हणून त्यांनाही दिलं. "चेन्नागिदे (छान आहे), अम्मा," ते म्हणाले. आणि दिवा हिरवा झाला.

सोमवारी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्या बाईंनी इराला काट्यावर पाठमोरं उभं केलं, आकडा स्वतः वाचला आणि कुणालाच सांगितला नाही. नखं पाहिली, पापण्या उलटून पाहिल्या, रक्त तपासायला दिलं. लोह कमी निघालं. औषध दिलं, आणि बारीक होण्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. कोणता खेळ आवडतो ते मात्र विचारत बसल्या. शाल्मली शाळेत जाऊन बाईंना भेटली. वजन यापुढे पडद्याआड घेऊ, असं त्यांनी कबूल केलं. हाक मारणारी मुलं लगेच थांबतील असं काही नाही. मुलं ती मुलंच. पण वर्गशिक्षिका आता डब्याच्या वेळी वर्गात बसते.

ओट्यावरचा काटा उचलला गेला. रात्रीचं जेवण साडेसातला सरकलं, कारण अभिजितलाही एकत्र बसायला सांगितलं. घड्याळ काढून. पहिल्या दिवशी त्याला हाताचं काय करावं ते सुचेना. लाडवांचा डबा खाली आला, तेव्हा त्यात तीन लाडू होते आणि तो सगळ्यांकडे असा बघत होता, जसा पूर्वी साखरेच्या डब्याशी सापडल्यावर बघायचा. इराने एक लाडू घेतला, अर्धा करून आईला दिला आणि उरलेला अर्धा वासापुरता हुंगून ताटात ठेवला. खाल्ला नाही. एका आठवड्यात सगळं नीट झालं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. कधी अर्धी पोळी, कधी दीड. कधी पुन्हा तेच दोन शब्द. मी रोज तिच्याजवळ बसून जेवत होते आणि घारीबद्दल बोलत होते. घारीला एव्हाना नाव, नवरा आणि सासू एवढं सगळं मिळालं होतं.

निघायच्या दिवशी यशवंतपूरला ती माझी बॅग ओढत आली. पोटभर बघून घ्यावं असं वाटलं आणि नेमकं बघून काही बोलू नये म्हणून मी फलाटावरच्या पाटीकडे बघत राहिले. गाडी सुटली, तेव्हा शाल्मलीचा हात इराच्या खांद्यावर होता. एवढंच मी बरोबर घेऊन निघाले.

प्रवासाला जाऊन आलं की लोक विचारतात, काय काय पाहिलंत. मी बागा पाहिल्या नाहीत, राजवाडा पाहिला नाही. अकराव्या मजल्यावरून एक घार पाहिली, आणि एक परात भरून अवरे. एवढं मोठं शहर, काचेच्या इमारतींत जगाचं काम करणारं, आणि त्यातल्या एका घरात तीन माणसं एकमेकांच्या भल्यासाठी एकमेकांना उपाशी ठेवत होती. असं घर फक्त बंगळूरलाच असेल, असं मला वाटत नाही. सांगलीला आले त्याच दिवशी शेजारची नवी सून तान्हं बाळ घेऊन वर आली. काय गोबरं पोर होतं! माझं तोंड उघडलं, जीभ टाळ्याला लागली, आणि मी ती तिथेच दाबून धरली. "ये, बस. जेवलीस का?" म्हणाले. ती बाळाला मांडीवर घेऊन टेकली. मग म्हणाली, बाळंत झाल्यापासून हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

दोन आठवडे शाल्मलीचे फोन येत राहिले. आज खाल्लं, आज नाही. आज मधल्या सुट्टीत खो-खो खेळली. आज रडली. मी ऐकत होते आणि हूं हूं करत होते. काल दुपारी चारच्या सुमाराला माझा डोळा लागत होता, तेवढ्यात फोन वाजला. शाल्मलीचा असणार म्हणून चष्मा न लावताच उचलला. पलीकडून धापा टाकत, एका दमात, इरा म्हणाली:

"आजी, आई अजून यायचीये, बाबाची मीटिंग चालूये, आणि मला इतकी भूक लागलीये ना! दहीपोह्यांत मीठ आधी घालायचं की नंतर, पटकन सांग."